एमजीबीचा सायलेन्सर बदलायचाय: मूळ नमुना, स्टेनलेस की इथेच बनवून घेऊ?

वसंतविहारी
नमस्कार मंडळी,
काकांची १९७१ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, आता माझ्याकडे ठाण्यात आहे. १७९८ सीसीचं इंजिन, दोन एसयू कार्बोरेटर, सगळं मूळचं. इंजिन मागच्या पावसाळ्याआधी उघडून बांधलं, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन छान आहे. आता सायलेन्सर गेलाय. मागच्या डब्याला खालून अंगठा जाईल एवढं भोक पडलंय आणि मधला डबा हलवला की आत पत्रा खुळखुळतो.

इंग्लंडहून मूळ नमुन्याचा माइल्ड स्टीलचा सेट मागवता येईल, तोच सेट स्टेनलेसमध्येही मिळतो, नाहीतर इथेच बनवून घ्यायचा. एका फॅब्रिकेटरने गाडी बघितली. तो म्हणाला, "साहेब, मॅनिफोल्डच (इंजिनातून धूर गोळा करणारा ओतीव भाग) काढून टाका. त्याजागी चार पाइपांचा हेडर बनवतो, अडीच इंची सरळ पाइप मागपर्यंत. गाडी उडेल."

मला गाडी उडवायची नाही. काका तिसऱ्यातून दुसऱ्यात यायचे तेव्हा मागून जो जाड, खर्जातला आवाज यायचा, तो हवाय. कर्कश नको, शेजाऱ्यांना त्रास नको, आणि दर दोन पावसाळ्यांनी गाडीखाली शिरायला लागू नये. जाणकारांनी सांगावं.

कोपरी_ब्रिज
आधी फोटो टाका हो! एमजीबी एवढंच म्हणून थांबलात, रंग तरी सांगा.

वसंतविहारी
गडद हिरवी. सध्या घोड्यांवर (स्टँडवर) चढवलेली आहे, फोटो रविवारी टाकतो.

खारघरची_मिजेट
माझ्याकडे एमजी मिजेट आहे, १२७५ सीसी. इंजिन लहान, पण ठेवण तीच. त्या फॅब्रिकेटरला लांबूनच नमस्कार करा. चार पाइपांचा हेडर तुमच्या इंजिनाला बसूच शकत नाही, कारण हेडला एक्झॉस्टची तोंडं तीनच आहेत: १ आणि ४ला आपापलं, २ आणि ३ला मिळून एक. ज्याने बॉनेट उघडून एवढंही पाहिलं नाही त्याच्या हातात कटर कशाला द्यायचा?

तुमचा ओतीव मॅनिफोल्ड साधा दिसतो, पण ज्यांनी तो ओतला त्यांना गणित येत होतं. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२. मॅनिफोल्डमधून १ आणि ४चा धूर एका पाइपात उतरतो, २ आणि ३चा दुसऱ्यात. म्हणजे दोन्ही पाइपांत ठोके सारख्या अंतराने, क्रँकच्या एकेका फेऱ्याला एक असे येतात, आणि ते पाइप पुढे खाली जाऊन एक होतात. रस्त्यावर चालवायच्या गाडीला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

शिवाय एमजीबीत कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट इंजिनाच्या एकाच बाजूला आहेत. पातळ पाइपांचा हेडर लावला की सगळी धग थेट फ्लोट बोलवर, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साठतं त्या वाटीवर. माजिवड्याच्या जंक्शनला मे महिन्यात अडकलात तर पेट्रोल तिथेच उकळेल आणि गाडी बंद. मॅनिफोल्ड ठेवा. बदल त्याच्या खालीच करा.

बुलेटप्रेमी_कळवा
ताईंशी सहमत, फक्त एक भर घालतो. पाइप मोठा केला की बॅकप्रेशर, म्हणजे धुराला होणारा अडथळा, जातं आणि पिकअप मरतो. इंजिनाला थोडं बॅकप्रेशर लागतंच. माझ्या बुलेटला रिकामा सायलेन्सर लावला होता तेव्हा खालच्या गेअरला दमच राहिला नव्हता.

घनफूट
कळवेकर, तुमचा अनुभव खरा आहे, कारण मात्र वेगळं आहे. बॅकप्रेशर इंजिनाला कधीच नको असतं. जळालेला वायू बाहेर ढकलायला पिस्टनला जितका जोर लागेल तितकी ताकद वाया.

मोठ्या पाइपात वायूचा वेग पडतो, आणि वेगच तर हवा असतो. एक्झॉस्टमधून वायू सलग वाहत नाही, ठोक्याठोक्याने जातो. लोकल जोरात निघून गेली की फलाटावरचे कागद तिच्यामागे ओढले जातात ना, तसा प्रत्येक ठोका आपल्यामागे कमी दाबाची जागा सोडत जातो. ती जागा पुढच्या सिलिंडरचा धूर ओढून घेते. पाइप योग्य मापाचा असेल तर ही ओढ टिकते. अडीच इंची केलात तर कमी आरपीएमला ती विरते. बुलेटचा दम गेला तो यामुळे, आणि मिक्श्चर लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) झालं असणार त्यामुळेही.

९५ हॉर्सपॉवरच्या गाडीला दोन इंच म्हणजे चैन झाली. मूळ पाइपाचं माप घ्या आणि त्याच्या आसपासच राहा.

बुलेटप्रेमी_कळवा
हे आजवर कोणी असं सांगितलं नव्हतं. कार्बोरेटरची जेट बदलली नव्हती हेही खरं. वाचनखूण साठवली.

सानपाडा_पाचवा_मजला
धाग्याचा विषय मला कळत नाही, तरी लिहितो, कारण आवाज माझ्या घरात येतो.

पाम बीच रोडच्या बाजूला राहतो. शनिवारी रात्री साडेअकरानंतर गाड्या आणि बाइक सुरू होतात. वडील ८१ वर्षांचे आहेत. झोपेच्या गोळीने कसाबसा डोळा लागतो आणि फटाक्यासारखा आवाज आला की उठून बसतात, छातीवर हात ठेवून. नंतर पहाटेपर्यंत जागे. खिडक्या बंद केल्या तरी तो आवाज भिंतीतून येतो. तुम्ही सगळे यंत्रावर प्रेम करणारे आहात हे वाचताना दिसतंय. म्हणून तुम्हालाच विनंती करतो. रस्त्यावरचे ते लोक माझं ऐकणार नाहीत, तुमचं ऐकतील.

वसंतविहारी
तुमचा प्रतिसाद मनाला लागला. वडिलांना नमस्कार सांगा. माझ्या गाडीचा आवाज कोणाच्या बंद खिडकीतून आत जाऊ नये, ही अट मी आता फॅब्रिकेटरला पहिली सांगणार.

रबाळे_आर्गॉन
मी एक्झॉस्टचीच कामं करतो. जाहिरात करत नाही, गल्लीही सांगत नाही, फक्त काम कसं करून घ्यायचं ते सांगतो.

गेल्याच महिन्यात एका जुन्या इंग्लिश गाडीचा डबा ग्राइंडरने उभा चिरला. बाहेरून काळा रंग शाबूत, आत पत्र्याचे पापुद्रे, तांबड्या मातीसारखा चुरा आणि तळाला वाटीभर पाणी. आवाज अडवणाऱ्या बॅफलच्या तीन पत्र्यांपैकी एक सुटून आडवा पडला होता आणि धुराची निम्मी वाट त्यानेच अडवली होती. तुमच्या मधल्या डब्यात जे खुळखुळतंय ते हेच. मालक म्हणत होता की गाडी चढावर बसते, कार्बोरेटर खराब झालाय. कार्बोरेटर ठणठणीत होता.

लोकांना वाटतं की सायलेन्सर पावसाने गंजतो. तो आतून गंजतो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. पाइप गरम असेल तर त्याची वाफ होऊन निघून जाते. गाडी नुसती सुरू करून पाच मिनिटांत बंद केली की पाणी डब्यातच बसतं, आणि ते आम्लधर्मी असतं. म्हणून जपून ठेवलेल्या गाड्यांचे सायलेन्सर रोज पळणाऱ्या टॅक्सीच्या आधी जातात. गाडी काढलीत तर अर्धा-पाऊण तास चालवा, नाहीतर सुरूच करू नका.

आता मटेरियल. स्टेनलेसची ३०४ ग्रेड घ्या. चुंबक चिकटत नाही म्हणजे ३०४, असं दुकानदार सांगेल. त्यावर जाऊ नका. जिन्याच्या रेलिंगला वापरतात त्या २०२लाही चुंबक चिकटत नाही, आणि खाडीच्या हवेत तो लवकर डाग धरतो. मालाचं टेस्ट सर्टिफिकेट मागा, नाहीतर ग्रेड ओळखायच्या केमिकलचा थेंब तुमच्यासमोर टाकायला लावा. जाडी १६ गेज. पातळ पत्र्याचा डबा पिचका वाजतो. स्टेनलेसचा आवाज पत्र्यासारखा येतो ही तक्रार बऱ्याचदा पातळ मालाची असते.

वेल्डिंग आर्गॉननेच करा आणि पाइपाच्या आतूनही आर्गॉन सोडायला सांगा. नाहीतर जोडाच्या आतल्या बाजूला काळी खरखरीत साखर धरते आणि तिथूनच तडा जातो. बेंड मँड्रेलचे, म्हणजे आत दांडा घालून वळवलेले, घ्या. साध्या बेंडरवर पाइप वळणावर चपटा होतो. मग दोन इंची पाइप घेऊन उपयोग काय?

आणि ३०४ माइल्ड स्टीलपेक्षा जास्त फुगतो. दोन मीटरचा पाइप २५० अंशांनी तापला तर साडेआठ मिलिमीटरच्या आसपास लांब होतो. त्याला हलायला जागा पाहिजे. एकावर एक सरकणारे जोड ठेवा, हँगरला रबर ठेवा. कुठेही चॅसिसला घट्ट वेल्ड मारू देऊ नका.

कोपरी_ब्रिज
या प्रतिसादाची प्रिंट काढून गॅरेजात लावतोय.

नियमात_बसणारा
थोडं कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला एकेका बेकायदा बदलामागे ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज आणि धुराच्या नियमभंगाला कलम १९० खाली पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, शिवाय लायसन्ससाठी तीन महिने अपात्र.

तुमची गाडी ५० वर्षांच्या पुढची, म्हणजे जुलै २०२१च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणीला पात्र. नंबरात 'व्हीए' येतं, फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण त्यात गाडी मूळ रूपात असावी लागते. चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल झालेला चालत नाही. आणि ती नोंदणी घेतली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच. पुढेमागे हा मार्ग घ्यायचा असेल तर मूळ मॅनिफोल्ड ठेवायला हे आणखी एक कारण. खराब झालेल्या सायलेन्सरच्या जागी तेवढ्याच क्षमतेचा दुसरा बसवणं ही माझ्या मते दुरुस्ती आहे. डबा काढून सरळ पाइप टाकणं हा बदल.

अजून एक. ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रविवारी पहाटे साडेपाचला सोसायटीतून गाडी काढलीत तर नियमाच्या हिशोबाने ती रात्रच आहे.

सानपाडा_पाचवा_मजला
हे शेवटचं कृपया सगळ्यांनी लक्षात ठेवा.

नौपाडा_फियाट
अवांतर. आवाजाचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. आमच्या लहानपणी राम मारुती रोडवरून कुठली गाडी गेली ते खिडकीत न जाता कळायचं. पद्मिनीचा कोरडा, घाईचा आवाज. अँबॅसडरचा संथ. आणि गल्लीतल्या डॉक्टरांची स्टँडर्ड हेराल्ड, तिचा थोडा सर्दी झाल्यासारखा. हेराल्ड मद्रासला बनायची, आणि तिच्याच चॅसिसवरून इंग्लंडमध्ये ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार काढली होती. डॉक्टरांना हे ठाऊक होतं. पेशंट नसले की बॉनेट उघडून आम्हा पोरांना बोलवायचे आणि स्पिटफायर दिसते कशी ते पॅडवर काढून दाखवायचे. बॉनेट सगळंच्या सगळं पुढे उलटायचं, चाकांसकट पुढचा भाग उघडा. त्या वयात ते बघणं म्हणजे सोहळा होता.

वसंतविहारींना माझं मत: इंग्लंडहून मूळ नमुना मागवा. आवाज हाही गाडीचा भागच आहे. बॉडीचा रंग मूळचा शोधतो तसा आवाजही मूळचाच हवा.

खारघरची_मिजेट
नौपाडा काका, डॉक्टरांच्या हेराल्डवर वेगळा धागा काढा, मी पहिली वाचायला येईन.

मूळ नमुन्याबद्दल अर्धी सहमत. आवाज ठरतो डब्यांची जागा, त्यांची मापं आणि आतली रचना यांवर. ते तंतोतंत ठेवलं आणि फक्त धातू बदलला तर आवाज जवळपास तोच राहतो. आपल्याकडची हवा बघता माइल्ड स्टील मागवून एवढी कस्टम ड्युटी भरणं मला पटत नाही.

घनफूट
मधल्या आणि मागच्या डब्याचं काम वेगवेगळं आहे, ते फॅब्रिकेटरला समजावून द्या. भोकांचा सरळ पाइप आणि भोवती ग्लास वूल, असा डबा वरच्या पट्टीतला आवाज खातो, म्हणजे कर्कशपणा जातो. खालच्या पट्टीतल्या घुमण्यावर त्याचा फार इलाज नाही. ते काम कप्पे केलेल्या डब्याचं. मधला ग्लास वूलचा आणि मागचा कप्प्यांचा केलात तर तुम्हाला हवा तो खर्ज राहील आणि वरचं किरकिरणं जाईल. मागचा डबा काढून टाकायचा मोह मात्र नको.

एवढं करूनही एका ठरावीक वेगाला केबिनमध्ये घूं घूं बसू शकते. चार सिलिंडरचं इंजिन ३,००० आरपीएमला सेकंदाला १०० ठोके देतं, म्हणजे १०० हर्ट्झ. त्यावर उपाय आहे: मुख्य पाइपाला एक बंद तोंडाची शाखा जोडायची, लांबी ध्वनिलहरीच्या पाव. तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला ४८० मीटर धरला तर लहर ४.८ मीटरची, शाखा १.२ मीटरची. ठोका शाखेत जाऊन परत येईपर्यंत उलटा पडतो आणि मूळ आवाजाला मारतो. पण ही आधीच लावू नका. गाडी चालवा, घूं कोणत्या आरपीएमला बसते ते टॅकोमीटरवर बघा, मग लांबी काढा.

मानपाडा_स्पीडब्रेकर
सगळं वाचलं, पण उंचीबद्दल कोणीच बोललं नाही! या गाड्या मुळातच जमिनीला टेकलेल्या. जोडाचे क्लॅम्प बसवताना बोल्ट खाली लोंबू देऊ नका, बाजूला फिरवा. माझ्या ओळखीतल्या एकाच्या गाडीचा क्लॅम्प सोसायटीच्या गेटवरच्या स्पीडब्रेकरला अडकला आणि मधल्या डब्यासकट पाइप मागे सरकला. डबा गोल न करता लंबगोल करा, दोन-तीन सेंटीमीटर वाचतात. आणि माप घेताना दोन माणसं आत बसवून घ्या.

रबाळे_आर्गॉन
शंभर टक्के. रिकामी गाडी लिफ्टवर घेऊन घेतलेलं माप काही कामाचं नाही.

कोपरी_ब्रिज
दोन माणसं हवी असतील तर मी आणि माझा मेहुणा आहोत. दोघं मिळून १७० किलो भरतो. चहा तुमचा.

वसंतविहारी
ठरलं! चहाबरोबर वडापावही.

वसंतविहारी
धागा वर काढतोय. काम झालं.

मॅनिफोल्ड मूळचाच ठेवला. दोन्ही उतरते पाइप जुन्यावरून माप घेऊन, पुढे सगळं ३०४मध्ये, मूळ पाइपाच्याच व्यासाचं. मधला डबा लंबगोल, आत भोकांचा पाइप आणि ग्लास वूल. मागचा कप्प्यांचा, जुना डबा चिरून त्याचीच मापं घेतली. कारागीर तरुण होता. जुना डबा उघडल्यावर त्याने कागदावर प्रत्येक कप्प्याची लांबी लिहिली, भोकं मोजली आणि मगच पत्रा कापला. त्याला काम करताना बघणं हा फार मोठा आनंद होता. कोपरी_ब्रिज आणि मेहुणे खरोखर आले, दोन्ही सीटवर बसले आणि क्लॅम्पची उंची तिथेच बदलावी लागली.

आवाज: सोसायटीत सुरू केली तेव्हा वॉचमनने मान वर केली नाही. घोडबंदरला, सकाळी सातनंतर, तिसऱ्यातून दुसऱ्यात घेतली आणि मागून तो जाड आवाज आला. काकू शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हांऽ, आता बरोबर." ३,०००ला थोडी घूं आहे, टप खाली असताना जाणवतही नाही, त्यामुळे शाखा सध्या नको.

एकच अडचण राहिली आहे. थ्रॉटल सोडल्यावर मागे फटफट होते, बारीक, पण होते. जोड तपासले, कुठे गळत नाही. आयडलिंगही किंचित अडखळतं.

खारघरची_मिजेट
अभिनंदन! काकूंचं वाक्य वाचून डोळे भरून आले.

फटफट म्हणजे मिक्श्चर लीन असणार, आणि त्यात नवीन सायलेन्सरचा दोष असेलच असं नाही. आता पंपावर ई२० आहे, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. नुसत्या पेट्रोलला हवा १४.७ला १ लागते, ई२०ला साधारण १३.५ला १. कार्बोरेटरला हे कळत नाही, तो जुन्याच हिशोबाने पेट्रोल देतो.

इंजिन पूर्ण गरम करा. डॅशपॉटखालच्या (कार्बोरेटरवरच्या घुमटाखालच्या) पिनने एका कार्बोरेटरचा पिस्टन मिलिमीटरभर उचला. आरपीएम क्षणभर वाढून जागेवर आलं तर ठीक, वाढून तसंच राहिलं तर रिच (पेट्रोल जास्त), इंजिन पडू लागलं तर लीन. लीन असेल तर जेटखालचा नट त्याच्या सहा बाजूंपैकी एक बाजूभर खाली फिरवा, दुसऱ्या कार्बोरेटरलाही तेवढाच, आणि पुन्हा बघा. तेवढ्याने वरच्या आरपीएमला भागलं नाही तर सुई एक नंबर रिच घ्यावी लागेल. जुने रबरी पेट्रोल पाइप आणि कॉर्कची गॅस्केटंही याच निमित्ताने बदलून घ्या, इथेनॉल त्यांना खातं.

वसंतविहारी
लीनच होतं. पिस्टन उचलला की इंजिन पडत होतं. दोन्ही नट खाली घेतले, आयडलिंग सरळ झालं, फटफट गेली. पीयूसीलाही कार्बन मोनॉक्साइड मर्यादेच्या आत आला. रबरी पाइपांची ऑर्डर दिली आहे.

रबाळे_आर्गॉन
छान. आता मॅनिफोल्डखालचे सहा पितळी नट एकदा आवळून घ्या. नवीन गॅस्केट तापून-गार होऊन बसलं की ते थोडे ढिले पडतात. इंजिन गार असतानाच आवळा, आणि पितळीच्या जागी लोखंडी नट कोणी सुचवले तर घेऊ नका, ते स्टडला धरतात आणि पुढच्या वेळी स्टडच तुटतो.